एंड डेट काय टाकू?

आमच्या ऑफिसमध्ये नवीन क्लायंटचं काम सुरू झालं की प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची नोंद मी करते. नाव, ब्रँड, महिन्याची रक्कम, टीममधलं कोण किती तास देणार, सुरुवातीची तारीख. इथपर्यंत सगळे पटापट सांगतात. मग येते लाल चांदणीवाली चौकट: एंड डेट. ती भरल्याशिवाय सेव्ह होत नाही. आणि तिथे गाडी अडते.

"एंड डेट काय टाकू?"

"टाक काहीतरी."

"करारात काय आहे?"

"करार सहीला गेलाय."

"कधी?"

"म्हणजे जाईल गं आज-उद्या. काम तर मागच्या सोमवारपासून चालू आहे ना!"

माणसं बदलली, संवाद तोच राहिला. नवीन आलेली मुलंसुद्धा महिन्याभरात हेच बोलायला लागतात, कुणी न शिकवता.

आमची एजन्सी लहान. लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात, जिथे पूर्वी साचे चालायचे तिथे आता काचेची पार्टिशनं आहेत. ब्रँडचं सोशल मीडिया सांभाळायचं, जाहिरातींच्या मोहिमा चालवायच्या, वेबसाइटची देखभाल करायची, अशी कामं. बहुतेक क्लायंट रिटेनरवर, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम. एकेका माणसाचे तास दोन-तीन क्लायंटमध्ये वाटलेले. स्क्रीनवर प्रत्येक क्लायंटची एक आडवी रंगीत पट्टी दिसते. पट्टी जिथे संपते तिथून पुढे त्या टीमचे तास मोकळे धरले जातात आणि तेवढी रक्कम अंदाजातून वजा होते. थोडक्यात, जूनमध्ये नवीन काम घ्यायला कुणाचे हात मोकळे आहेत आणि जूनचे पगार निघतील का, हे दोन्ही त्या एका चौकटीवर ठरतं. म्हणून "टाक काहीतरी" ऐकलं की माझं डोकं फिरतं.

हे 'काहीतरी' प्रत्येकाच्या स्वभावाप्रमाणे असतं. एक सहकारी बिनदिक्कत ३१/१२/२०९९ टाकायचा. त्याच्या क्लायंटची पट्टी स्क्रीनच्या उजव्या कडेतून बाहेर जायची. त्या तिमाहीत सरासरी करार-मुदतीचा जो आकडा निघाला तो एजन्सीच्या वयापेक्षा मोठा होता, आणि मीटिंगमध्ये तो कुणाला खटकलाही नाही! तसं पाहिलं तर त्याच्या मागे मोठी परंपरा आहे. एक्सेलचं कॅलेंडर ३१ डिसेंबर ९९९९ ला संपतं, आणि मोठ्या कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या सॅपसारख्या अवाढव्य सिस्टिममध्ये तीच तारीख 'चालू आहे, शेवट ठरलेला नाही' अशा अर्थाने सर्रास वापरतात. फरक इतकाच की ९९९९ दिसलं की कुणालाही कळतं, ही खरी तारीख नव्हे. २०९९ मात्र बेरजेत खऱ्यासारखं जाऊन बसतं.

दुसरी एक सहकारी याच्या अगदी उलट. ती चालू महिन्याची शेवटची तारीख टाकते आणि दर महिन्याला पुढे ढकलते. कागदावर तिचे सगळे क्लायंट पुढच्या महिन्यात सोडून जाणार असतात. त्यातले काही पाच वर्षं असेच सोडून जाताहेत.

उरलेले सगळे टाकतात ३१ मार्च.

याला कारण आहे. क्लायंटचं बजेट एप्रिल ते मार्च. त्यांची पर्चेस ऑर्डर निघते ती ३१ मार्चपर्यंतची, मग काम ऑगस्टमध्ये सुरू होवो की डिसेंबरमध्ये. पण सगळ्यांनी एकच तारीख टाकली की स्क्रीनवर विचित्र चित्र उभं राहतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पट्ट्यांवर पट्ट्या, श्वास घ्यायला जागा नाही. आणि १ एप्रिलपासून सगळं पांढरंफटक. नवख्या माणसाला वाटेल, ही कंपनी ३१ मार्चला गाशा गुंडाळणार. दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमचे साहेब ते चित्र बघून नवीन भरती थांबवतात. त्याच आठवड्यात सेल्सवाला तेच चित्र बघून खूश होतो. एवढे तास मोकळे! तो दोन नव्या क्लायंटना १ एप्रिलचा शब्द देऊन येतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जुन्या क्लायंटची रिन्यूअलची पत्रं येऊ लागतात, त्यांवर तारीख १ एप्रिलचीच. जुने राहिले, नवे आले, भरती झाली नाही. मे महिन्यात डिझाइनरांच्या शेवटच्या लोकल चुकतात, त्याचं मूळ हे. दोघांनी एकाच स्क्रीनवरून दोन निष्कर्ष काढले आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

हा खेळ मुंबईला नवा नाही. या शहराच्या घरांचा निम्मा इतिहास पुढे ढकललेल्या तारखांचा आहे. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा ठरावीक मुदतीपुरता केलेला होता. ती मुदत वाढत वाढत पन्नास वर्षं गेली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यातल्या प्रमाण भाड्याच्या, म्हणजे कायद्याने बांधून दिलेल्या भाड्याच्या, तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत. पण कायद्याची वाढवलेली मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणारच आहे, म्हणून त्या रद्द केल्या नाहीत. मग काय झालं असेल? मुदत परत वाढली. पुढे नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला तो १९९९ चा, आणि लागू झाला ३१ मार्च २००० ला. आमच्या अकाउंट मॅनेजरांना, म्हणजे क्लायंट सांभाळणाऱ्यांना, नावं ठेवताना मला हे आठवतं आणि आवाज थोडा खाली येतो.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. नवी व्यवस्था ठरायला २०२४ उजाडलं. मधली सगळी वर्षं घोडे धावतच होते. आणि त्याही मागे जायचं तर १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, वर्षाला १० पौंड भाड्याने. भाडं ठरलं, शेवटाची तारीख नाही. लाल चांदणी तेव्हा नव्हती.

आम्ही ज्या आवारात बसतो तिथेही एक उघडी राहिलेली तारीख आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, असं म्हणतात. सुमारे अडीच लाख कामगारांच्या आयुष्याची आमच्या रिटेनरशी तुलना करण्याचा चावटपणा मी करणार नाही. पण चहाला खाली उतरलं आणि चिमणीकडे नजर गेली की हे डोक्यात येतं, एवढंच.

मुदतीच्या बाबतीत या शहरात कुणी खरोखर पक्कं असेल तर ते भाड्याच्या घरांचे एजंट. अकरा महिन्यांचा करार आपण सगळ्यांनी केलेला असतो. अकराच का, तर १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून त्याच्या आत राहायचं. महाराष्ट्रात या पळवाटेला आता अर्थ उरलेला नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स कितीही दिवसांचं असो, ते लेखी हवं आणि नोंदवलेलं हवं. तरी अकरा महिने काही सुटत नाहीत. एजंट घरी येतो, टेबलावर अंगठ्याचं यंत्र मांडतो, घरमालक काकांचा अंगठा तीनदा पुसून घेतो कारण ठसा उमटत नाही, आणि करारात लिहितो: १५ जून ते १४ मे. पंधरा नाही, चौदा. हे तो बोटं न मोजता लिहितो. १४ मेनंतर जागा सोडली नाही तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते, हेही तो हसत हसत सांगतो आणि काकांनी पुढे केलेला चहा घेतो.

त्या एका दिवसावर सॉफ्टवेअरवाले मात्र अजून भांडताहेत. १ एप्रिलला बारा महिने मिळवले की सिस्टिम म्हणते १ एप्रिल. मग तो दिवस करारात धरायचा की नाही? धरला तर करार एक वर्ष एक दिवसाचा आणि पुढच्या कराराशी त्याची टक्कर. कॅलेंडरची फाइल ज्या प्रमाणित पद्धतीने बनते तिच्यात पूर्ण दिवसाच्या नोंदीची शेवटची तारीख 'यात नाही' अशीच धरतात. माणसं मात्र शेवटचा दिवस मोजतात. क्लायंटला ३१ मार्च म्हटलं की ३१ मार्चच्या रात्री बारापर्यंत पोस्ट पडलीच पाहिजे.

महिन्याअखेरचं प्रकरण त्याहून मजेशीर. एक्सेलमध्ये ईडेट नावाचं फंक्शन आहे. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की ते २८ फेब्रुवारी देतं, लीप वर्ष असेल तर २९. हे ठीक. पण त्या २८ फेब्रुवारीत पुन्हा एक महिना मिळवला की येतं २८ मार्च. तेच ३१ जानेवारीत थेट दोन महिने मिळवले तर ३१ मार्च. म्हणजे दर महिन्याला थोडं थोडं पुढे ढकलणाऱ्या माझ्या त्या सहकारिणीचे तीन दिवस वाटेतच गळतात, आणि ते कुठे गेले हे तिला कधी कळत नाही. शिवाय वेळेचं झंझट. सर्व्हर जर यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, वेळ ठेवत असेल तर आपल्या ३१ मार्चची मध्यरात्र, म्हणजे दिवस सुरू होतानाची, तिथे ३० मार्चची संध्याकाळ साडेसहा होते. लंडनमधल्या क्लायंटला त्याच्या स्क्रीनवर करार एक दिवस आधी संपलेला दिसतो. यावर उपाय सोपा आहे: तारखेला घड्याळ चिकटवायचंच नाही, नुसती तारीख ठेवायची. पण तो सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी करायचा असतो. आपण फक्त तक्रारीचं तिकीट टाकतो आणि 'तुमचा अभिप्राय मोलाचा आहे' असा मेल वाचतो.

एका दिवसाने काय बिघडतं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी इंग्लंडमधला एक खटला सांगते. डॉड्स विरुद्ध वॉकर. भाडेकरूला घरमालकाची नोटीस मिळाली ३० सप्टेंबर १९७८ ला. कोर्टात अर्ज करायला मुदत चार महिने. भाडेकरूच्या बाजूने हिशेब साधा होता, सप्टेंबरचा शेवट ते जानेवारीचा शेवट. अर्ज केला ३१ जानेवारीला. प्रकरण वरपर्यंत गेलं आणि १९८१ मध्ये निकाल लागला: ३० तारखेचे चार महिने ३० तारखेलाच संपतात, अर्ज एक दिवस उशिरा आला. आमच्या एजंटाला विचारलं असतं तरी चाललं असतं.

पैशाच्या बाजूने पाहिलं की 'सहा महिने' हा शब्दही साधा राहत नाही. क्लायंट म्हणतो, "सहा महिने करून बघू." अकाउंट्सचे काका म्हणतात, "सहा बिलं." करार म्हणतो १६ ऑगस्ट ते १५ फेब्रुवारी. आता बिलं करा. ऑगस्टचे १६ दिवस, मग पाच पूर्ण महिने, मग फेब्रुवारीचे १५ दिवस. बिलं झाली सात. महिन्याला एक लाख धरलं तर ऑगस्टचे ३१ पैकी १६ दिवस म्हणजे ५१,६१३ रुपये, फेब्रुवारीचे २८ पैकी १५ म्हणजे ५३,५७१. दोन अर्धे मिळून १,०५,१८४. करार सहा लाखांचा, बिलं सहा लाख पाच हजारांची. क्लायंटच्या फायनान्सने हे ५,१८४ रुपये बरोबर पकडले. काका म्हणाले, "फेब्रुवारी लहान आहे, त्याला आपण काय करणार?" आणि तेवढी रक्कम कमी करणारी क्रेडिट नोट काढली. तेव्हापासून ते नवीन काम महिन्याच्या मधे सुरू करू देत नाहीत. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय तोच.

सॉफ्टवेअर मुदत आणि शेवट दोन्ही विचारत असेल तर एकच भरावं, दुसरं त्याला काढू द्यावं. दोन्ही हाताने भरले की महिन्याभरात ते एकमेकांशी जुळेनासे होतात. आम्ही मुदत भरतो, कारण बोलताना माणसं मुदतच बोलतात. पण खरी गाठ वेगळीच होती. एकाच चौकटीत आम्ही तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबत होतो. कागदावर काय लिहिलंय, आपल्या मते हे काम किती दिवस चालेल, आणि क्लायंटशी बोलायला कधी बसायला हवं. मी त्यांच्या तीन चौकटी करून घेतल्या. करार सहीचा नसेल तर पहिली रिकामी राहते, आणि रिकामी आहे हे सगळ्यांना लाल रंगात दिसतं. दुसरी अकाउंट मॅनेजरने स्वतःच्या अंदाजाने भरायची. तासांचं नियोजन त्यावर चालतं. तिसरी, नोटिशीची, म्हणजे शेवटाच्या किती आधी बोलायचं ती, सिस्टिम काढते. ती काढतानाही प्रश्न आलाच: ३१ मार्चच्या ६० दिवस आधी म्हणजे ३० जानेवारी, दोन महिने आधी म्हणजे ३१ जानेवारी. आमच्या काही करारांत दिवस लिहिलेत, काहींत महिने. एकाच वकिलाकडून करून घेतलेत सगळे.

मुदतवाढ मिळाली की जुन्या नोंदीची तारीख ओढून पुढे न्यायची, ही सवय मोडायला सर्वांत जास्त त्रास झाला. माऊसने पट्टीचं टोक धरलं, ओढलं, झालं. पण त्याने सहा-सहा महिन्यांनी पुन्हा पुन्हा आमच्याकडे आलेला क्लायंट एकाच लांबलचक करारासारखा दिसतो. त्याने किती वेळा विचार करून होकार दिला, दर वेळी किती उशीर लावला, रक्कम कधी वाढवून दिली, यातलं काही उरत नाही. लोकलच्या पासावरची तारीख पेनाने पुढे ढकलून कोणी चर्चगेट गाठत नाही. नवीन पास काढतो. तसंच इथे नवीन ओळ. लोकांनी कुरकुर केली. मग एकदा दरवाढीच्या मीटिंगला जाताना त्याच लोकांनी माझ्याकडे त्या क्लायंटचा इतिहास मागितला, तेव्हापासून कुरकुर कमी आहे.

हे सगळं बसवताना एक गोष्ट लक्षात आली, ती मला अजून टोचते. क्लायंटची एंड डेट विचारली की सगळ्यांची जीभ अडखळते. अपशकुन केल्यासारखं बघतात. पण त्याच क्लायंटच्या कामावर तीन महिन्यांसाठी घेतलेल्या डिझाइनरची नोंद करताना कुणी क्षणभर थांबत नाही. "तीन महिने. ३० जून." संपलं. त्या मुलाची पट्टी ३० जूनला कापलेली, आणि ज्या कामासाठी तो आला ते २०९९ पर्यंत चाललेलं. डोंबिवलीहून रोज उभ्याने येणाऱ्या त्या मुलाला आपली तारीख वाढणार की नाही हे २८ जूनला कळायचं, तेही त्याने स्वतः विचारल्यावर. गिरण्यांमध्ये बदली कामगार सकाळी फाटकावर उभा राहायचा, कायम कामगार गैरहजर असेल तर त्याला काम मिळायचं. आमच्याकडे फाटकावर उभं राहावं लागत नाही, एसी आहे, इतकीच प्रगती. नोटिशीची चौकट मी माणसांच्या नोंदीलाही लावून घेतली. तीस दिवस आधी त्याच्या मॅनेजरला आणि त्यालाही मेल जातो. एचआरने विचारलं, त्याला कशाला? मी म्हटलं, तारीख त्याची आहे म्हणून. वाद झाला, पण मेल जातो.

आता राहिला आमचा सर्वांत जुना क्लायंट. त्याच्याशी करार असा नाहीच. एक ईमेल आहे, 'लेट्स स्टार्ट' एवढाच मजकूर असलेला. दर महिन्याला बिल जातं, दर महिन्याला पैसे येतात. करार करून घेऊ असं सुचवलं की तिकडून उत्तर येतं, "चाललंय ना, मग चालू द्या." साहेबांना भीती वाटते की कागद पुढे केला तर त्यांना आठवेल की आपण कितीतरी वर्षं दुसऱ्या कुणाकडे कोटेशन मागितलेलं नाही. मला भीती वाटते की रक्कम तेव्हाचीच आहे आणि टीम दुप्पट झालीय. त्याची एंड डेट आम्ही शेवटी रिकामीच ठेवली, सिस्टिममध्ये खास परवानगी काढून. मात्र आढावा घ्यायची तारीख म्हणून ३० सप्टेंबर टाकलाय. त्या दिवशी फोन कोणी करायचा यावर साहेब, काका आणि मी यांच्यात अजून एकमत झालेलं नाही.